पडद्यावरचे डॉक्टर, पडद्याआडचे रुग्ण : प्रस्तावना

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४०च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. कोणत्या दिवशी कोणत्या विभागात दाखल करून घ्यायचे, याचे वार ठरलेले असत आणि शहरातल्या गरीब बायकांना ते वार पाठ होते. पहिल्या विभागाच्या दिवशी कळा सुरू झाल्या, तर त्या हातापाया पडून दुसरीकडे पाठवा म्हणून विनवत. काहींना रस्त्यातच मोकळे होऊन मग रुग्णालयात येणे बरे वाटे. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणांत १०५. प्राध्यापक मंडळी हवेतल्या दूषित वाफांची चर्चा करत होती, तेव्हा कुठे मरण आहे आणि कुठे नाही हे या बायकांना पक्के ठाऊक होते.

ज्या तरुण डॉक्टरने हे आकडे मांडून त्यांचा अर्थ लावला, त्या इग्नाझ सेमेलवाइसवर आजवर अनेक चित्रपट निघाले. अमेरिकेत, जर्मनीत, फ्रान्समध्ये आणि त्याच्या मायदेशी हंगेरीत तर पुन्हा पुन्हा. ते पाहताना एक गोष्ट मला सतत खटकत आली. त्या बायका पडद्यावर येतात, किंचाळतात, मरतात आणि नायकाच्या डोळ्यांत पाणी आणून निघून जातात. पुढचा सगळा चित्रपट नायक आणि त्याचे वरिष्ठ यांच्या भांडणाचा होतो. बरोबर कोण होते, या प्रश्नाखाली मधल्या काळात मेले कोण, हा प्रश्न दबून जातो. या पुस्तकातले सगळे लेख त्या दबलेल्या प्रश्नाच्या मागावर आहेत.

ज्याला काळाने ओळखले नाही अशा वैद्यकीय अग्रणीचा ऐतिहासिक चित्रपट हा एक स्वतंत्र प्रकार आहे, हे मराठी वाचकाला कदाचित नवे वाटेल. आपल्याकडे चरित्रपट म्हटला की संत, राजे, क्रांतिकारक आणि नाटक-सिनेमातले कलावंत आठवतात. पण बोलपटांच्या पहिल्या दशकापासून डॉक्टर हा जगभरच्या पडद्याचा आवडता नायक आहे, आणि त्यातही लोकांनी झिडकारलेला डॉक्टर. या कथेचा साचा चित्रपटाहून जुना आहे. इब्सेनने १८८२ साली लिहिलेल्या नाटकातला डॉ. स्टॉकमन गावच्या औषधी स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे सांगतो आणि गाव त्यालाच शत्रू ठरवते. सत्यजित राय यांनी १९८९ साली 'गणशत्रू'मध्ये ते पाणी देवळातल्या चरणामृतात आणले. स्टॉकमन काल्पनिक आहे, पण त्याच्यामुळे पटकथाकारांना एक तयार चौकट मिळाली: एकटा डॉक्टर, एक अप्रिय सत्य, सत्तेतला एक प्रतिस्पर्धी आणि खवळलेली सभा. खऱ्या डॉक्टरांची आयुष्ये नंतर या चौकटीत बसवली गेली. ज्यांची बसत नव्हती, त्यांची कापून बसवली गेली.

कापाकापीचे सर्वात ठसठशीत उदाहरण म्हणजे १९३६ सालचा 'द स्टोरी ऑफ लुई पाश्चर'. वॉर्नर ब्रदर्सचा हा चित्रपट विल्यम डिटर्ली यांनी दिग्दर्शित केला. पाश्चरच्या भूमिकेसाठी पॉल म्युनी यांना ऑस्कर मिळाले आणि हॉलिवूडमध्ये शास्त्रज्ञांच्या चरित्रपटांची रांग लागली. चित्रपटाची सुरुवातच बाळंतज्वराने होते. बायको दगावलेला एक नवरा डॉक्टरला गोळी घालतो, कारण त्या डॉक्टरने हात स्वच्छ केले नव्हते. हात आणि उपकरणे धुवा, असे सांगणारे पत्रक पाश्चरने काढलेले असते. म्हणजे जी गोष्ट व्हिएन्नात सेमेलवाइस १८४७ साली सांगत होता, ती पडद्यावर पॅरिसमध्ये पाश्चरच्या तोंडी आली. पाश्चरने १८७९ साली पॅरिसच्या वैद्यकीय अकादमीत बाळंतज्वरामागचा जंतू दाखवला होता, तेव्हा त्याचा या विषयाशी संबंध खराच आहे. पण चित्रपटातला बहिष्कृत, हद्दपारीसारखे आयुष्य काढणारा पाश्चर आणि इतिहासातला पाश्चर यांच्यात फार अंतर आहे. खरा पाश्चर १८६२ सालीच विज्ञान अकादमीचा सदस्य झाला होता, आणि त्याच्या हयातीतच, १८८८ साली, लोकवर्गणीतून त्याच्या नावाची संस्था उभी राहिली. त्याला छळणारा चित्रपटातला डॉ. शार्बोने तर मुळात अस्तित्वातच नव्हता. यशस्वी माणसालाही गैरसमजाचा बळी करून दाखवल्याशिवाय प्रेक्षकाचे मन जिंकता येत नाही, अशी हॉलिवूडची समजूत इथे पक्की झाली.

डिटर्ली यांनीच १९४० साली पाउल एर्लिकवर चित्रपट केला. एडवर्ड जी. रॉबिन्सन यांचा त्यातला एर्लिक मला म्युनींच्या पाश्चरपेक्षा जास्त खरा वाटतो. सिफिलिस हा शब्द अमेरिकन पडद्यावर उच्चारणेही त्या काळी सेन्सॉरच्या नियमांत बसत नव्हते; त्या आजारावरच्या औषधाची गोष्ट मुख्य प्रवाहातल्या चित्रपटात आणणे हे धाडस होते. जर्मनीत एर्लिकसारख्या ज्यू शास्त्रज्ञांची नावे पुसली जात असताना जर्मनीतूनच आलेल्या दिग्दर्शकाने ते आणले. या चित्रपटातला एक प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. डिफ्थेरियाने घुसमटणारी मुले आहेत, नवे सीरम हाताशी आहे आणि तुलनेसाठी काही मुलांना ते द्यायचे नाही असा आदेश आहे. एर्लिक तो आदेश मोडून सगळ्यांनाच सीरम टोचतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. रुग्ण इथे चौकटीत आहेत, अगदी मध्यभागी आहेत. पण औषध खरेच लागू पडते की नाही हे कळण्याची जी वाट, तीच नायकाच्या करुणेने बंद केली. रुग्णांना पडद्यावर आणले की काम झाले, इतका हा प्रश्न सोपा नाही, हे या प्रसंगामुळे मला नीट उमगले.

त्याच सुमारास नाझी जर्मनीत हान्स स्टाइनहॉफ यांचा रॉबर्ट कॉखवरचा चित्रपट निघाला, १९३९ साली. एमिल यानिंग्स कॉखच्या भूमिकेत आणि विरोधात उदारमतवादी शास्त्रज्ञ फिरशो. एकीकडे हुकूमशाही, दुसरीकडे तिच्यापासून दूर अमेरिकेत काम करणारे कलावंत, आणि दोघांच्या हाती कथेचा साचा एकच. एकट्या प्रतिभावंताला जग समजून घेत नाही, ही गोष्ट कोणत्याही झेंड्याखाली सांगता येते. हुकूमशहाला ती विशेष आवडते, कारण तिच्यात समिती, चर्चा, शंका हे सगळे खलनायकाच्या बाजूला जाते.

सेमेलवाइसचे चित्रपट या दृष्टीने एकापुढे एक ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९३८ सालचा फ्रेड झिनेमन यांचा 'दॅट मदर्स माइट लिव्ह' हा जेमतेम दहा मिनिटांचा लघुपट. त्याला त्या वर्षीचे लघुपटाचे ऑस्कर मिळाले. निवेदनाच्या वेगवान प्रवाहात एक आयुष्य उरकलेले, तरी शीर्षकात आया आहेत ही त्याची जमेची बाजू. १९४० साली हंगेरीत, १९५० साली पूर्व जर्मनीत आणि १९५२ साली पुन्हा हंगेरीत पूर्ण लांबीचे चित्रपट आले. नव्याने आलेल्या साम्यवादी राजवटींना जुन्या दरबारी सत्तेशी भिडणारा नायक हवा होता, आणि १८४८च्या क्रांतीच्या काळात व्हिएन्नात असलेला सेमेलवाइस त्यांना आयता मिळाला. अलीकडचा चित्रपट २०२३ सालचा. त्याचे दिग्दर्शक लायोश कोल्ताय हे मुळात मोठे छायालेखक, इश्तवान साबो यांच्या 'मेफिस्टो'चे. त्यांच्या चित्रपटात रुग्णालयाचे ओले दगड, मेणबत्त्या आणि शवागाराचा निळसर उजेड अंगावर येतो. हंगेरीने तो ऑस्करसाठी पाठवला. त्यातली एम्मा ही सुईण आणि नायकाशी जुळत जाणारे तिचे नाते ही पटकथेची भर आहे. मला ती भर गैर वाटत नाही, उलट दुसऱ्या विभागातल्या सुइणींना प्रथमच तोंड मिळाले याचा आनंद आहे. दुःख याचे, की ती सुईण हळूहळू नायकाची साक्षीदार आणि प्रेयसी होत जाते. तिचे स्वतःचे ज्ञान कथेच्या कडेला राहते.

चित्रपटांना सर्वात अवघड जाणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि इथे इतिहासाकडे थोडे थांबून पाहायला हवे. व्हिएन्नातला बाळंतज्वर मागासलेपणातून वाढलेला नव्हता. तो प्रगतीतून वाढला. आधीचे प्राध्यापक बोएर विद्यार्थ्यांना पुतळ्यावर शिकवत आणि त्यांच्या काळात मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते. त्यांच्यानंतर योहान क्लाइन आले आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींच्या तपासणीला जाऊ लागले. रोकितान्स्कींच्या शवचिकित्सेमुळे व्हिएन्ना त्या काळच्या वैद्यकाची राजधानी झाली होती, आणि सेमेलवाइस स्वतः रोज सकाळी मृत बाळंतिणींचे विच्छेदन करून कारण शोधत होता. १८४७च्या मार्चमध्ये त्याचा मित्र कोलेच्का विच्छेदनाच्या वेळी हाताला सुरी लागून मेला. त्याच्या शरीरात सापडलेल्या खुणा बाळंतिणींच्या शरीरातल्यासारख्याच होत्या. म्हणजे कारण शोधणाऱ्या हातांनीच रोग नेला होता. मेच्या मध्यात सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने, पुढे क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात १८.३ टक्के बायका मेल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण २.२ टक्क्यांवर आले, जुलैत १.२. पुढच्या वर्षी दोन महिने असे गेले की एकही बाळंतीण दगावली नाही.

इतके आकडे समोर असताना लोकांनी ऐकले का नाही? चित्रपटांचे उत्तर ठरलेले: क्लाइन मत्सरी होता, व्हिएन्ना हंगेरियनांना तुच्छ मानत होती. दोन्हींत तथ्य आहे. पण रोकितान्स्की, श्कोडा, हेब्रा ही त्याच व्हिएन्नातली बडी मंडळी त्याच्या बाजूने होती, आणि शोधाची पहिली छापील वार्ता हेब्रांनीच दिली. स्वतः सेमेलवाइसने मोठा ग्रंथ लिहिला तो १८६१ साली, चौदा वर्षांनी. जंतूंचा सिद्धान्त अजून स्थिरावलेला नव्हता, तेव्हा प्रेतातले कण रोग नेतात याला त्याच्यापाशी आकड्यांपलीकडे स्पष्टीकरण नव्हते. अ‍ॅबरडीनमध्ये अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ साली आणि बोस्टनमध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ साली, हा ताप डॉक्टर आणि सुइणींच्या हातून पसरतो असे लिहून ठेवले होते, त्यामुळे अनेकांना सेमेलवाइसचे म्हणणे त्याच जुन्या मताची पुनरुक्ती वाटली. आणि सर्वात खोल कारण माणसाच्या मनातले होते: आपण वर्षानुवर्षे आपल्याच हातांनी बायका मारल्या, हे कोणत्या डॉक्टरने कबूल करावे? शेवटच्या वर्षांत सेमेलवाइस विरोधकांना उघड पत्रांतून खुनी म्हणू लागला. १८६५ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेले गेले आणि दोन आठवड्यांत, ४७व्या वर्षी, तो तिथेच जखमा चिघळून मेला. रक्षकांनी मारहाण केली असावी, असे त्याच्या शवाच्या तपासणीवरून दिसते. तो मेला त्याच महिन्यात ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर कार्बोलिक अ‍ॅसिडची पहिली पट्टी बांधत होता.

या गुंत्याला दोन तासांत न्याय देणे कठीण, हे मान्य. तरी रंगभूमीने वाट दाखवली आहे. मार्क रायलन्स आणि स्टीफन ब्राउन यांचे 'डॉ. सेमेलवाइस' हे नाटक २०२२ साली ब्रिस्टलला आणि नंतर लंडनला झाले. त्यात मृत बाळंतिणी नर्तकींच्या रूपाने सतत रंगमंचावर वावरतात. नायक बोलत असताना त्या तिथेच असतात, त्याला आणि आपल्याला विसरू देत नाहीत. चित्रपटात असे धाडस फार पूर्वी प्रेस्टन स्टर्जेस यांनी वेगळ्या तऱ्हेने केले होते. 'द ग्रेट मोमेंट' हा ईथरची भूल देणाऱ्या मॉर्टनवरचा त्यांचा चित्रपट स्टुडिओने त्यांच्या मर्जीविरुद्ध तोडफोड करून १९४४ साली प्रदर्शित केला आणि तो पडला. पण त्यातला कळसाचा क्षण शोधाचा नाही. पाय कापला जाण्याची वाट पाहणारी एक गरीब मुलगी मॉर्टनला दिसते, आणि पेटंटसाठी जपलेले गुपित तो तिच्यासाठी उघड करतो. बोस्टनच्या रुग्णालयात १६ ऑक्टोबर १८४६च्या प्रसिद्ध प्रयोगानंतर काय वापरले हे सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही, असे शल्यविशारदांनी बजावले होते; ७ नोव्हेंबरला खरोखरच एका तरुणीचा पाय भूल देऊन कापला गेला. या सगळ्या पंक्तीत मला हा अपयशी चित्रपट सर्वात जवळचा वाटतो.

भारतात या प्रकाराचे सर्वोत्तम रूप बंगाली दिग्दर्शकाच्या हातून आले. तपन सिन्हा यांचा 'एक डॉक्टर की मौत' १९९० सालचा. पंकज कपूर, शबाना आझमी आणि तेव्हा नवखा इरफान खान. त्यामागे डॉ. सुभाष मुखोपाध्याय आहेत. कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांच्या प्रयत्नातून 'दुर्गा' जन्मली, इंग्लंडमधल्या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर ७० दिवसांनी. राज्य सरकारच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांना परदेशी परिषदेला जाऊ दिले नाही आणि पुढे डोळ्यांच्या संस्थेत बदली केली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. चित्रपटात नायक कुष्ठरोगावरची लस शोधतो, आणि शीर्षकात मृत्यू असूनही तो शेवटी जगतो, परदेशातल्या निमंत्रणाला होकार देतो. लालफितीचे इतके अचूक चित्र हिंदी पडद्यावर दुसरे नाही, असे मी ठामपणे म्हणेन. तरीही विषय बदलल्यामुळे एक व्यक्ती कथेतून पूर्ण नाहीशी झाली: ती आई, जिने समाजाच्या बोलण्याची भीती असताना स्वतःच्या शरीरावर हा प्रयोग होऊ दिला.

या कथेचा पुढचा अध्याय मुंबईत, परळला घडला. केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेले बाळ भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून गाजले. त्यामागच्या शास्त्रज्ञांपैकी डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या हाती १९९७ साली मुखोपाध्यायांचे कागद आले. ते वाचून, पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिले. हा प्रसंग अजून कुणी पडद्यावर आणलेला नाही याचे मला नवल वाटते. त्यात खलनायक नाही, म्हणून असेल. इंग्लंडमधल्या समांतर कथेवर २०२४ साली आलेला 'जॉय' मात्र पाहावा. त्यात दोन नामवंत संशोधकांइतकीच जागा जीन पर्डी या परिचारिकेला आहे, आणि उपचार घेणाऱ्या, पण मूल न झालेल्या स्त्रियांनाही. निळ्या बाळांच्या शस्त्रक्रियेमागच्या व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञावरचा २००४ सालचा 'समथिंग द लॉर्ड मेड' याच वाटेवरचा. एकट्याची गाथा सोडून अनेकांच्या कामाची गोष्ट सांगणारी ही नवी धारा मला आशेची वाटते.

मराठीपुरते बोलायचे तर समीर विद्वांस यांचा 'आनंदी गोपाळ' (२०१९) या पुस्तकात हक्काने आला आहे. आनंदीबाईंनी शोध लावला नाही, पण डॉक्टर होण्यामागे चौदाव्या वर्षी गमावलेले दहा दिवसांचे मूल होते, आणि फिलाडेल्फियातला त्यांचा प्रबंध हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. ११ मार्च १८८६ला पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयाने मृत्यू. अग्रणी आणि रुग्ण इथे एकाच देहात आहेत, त्यामुळे या चित्रपटाचा लेख इतरांपेक्षा लांबला, आणि तो लांबू दिला.

हे सारे आत्ताच का, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत प्रत्येकाने पाहिले आहे. २०२०च्या मार्चमध्ये हात धुण्याचा धडा जग पुन्हा गिरवत होते आणि सेमेलवाइसचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याच महिन्यांत काढे, फुंकर आणि चमत्कारिक गोळ्या विकणारेही तेच नाव घेऊ लागले: त्यालाही लोक हसलेच होते ना? चित्रपटांनी घट्ट केलेल्या साच्याचा हा सर्वात धोकादायक उपयोग. हसले जाणे हा पुरावा असू शकत नाही. सेमेलवाइसपाशी महिन्यामहिन्याच्या नोंदी होत्या, कोणीही तपासू शकेल अशा. म्हणून या पुस्तकात प्रत्येक चित्रपटाला मी तेच तीन प्रश्न विचारले आहेत: नायकाचा पुरावा पडद्यावर दिसतो का, विरोधकांचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले आहे का, आणि रुग्ण शेवटपर्यंत कथेत राहतात का. चित्रपटाने इतिहास बदलला म्हणून त्याला नापास करण्याचा खटाटोप मी केलेला नाही. कशासाठी बदलला आणि त्यात कोण गळले, एवढे शोधले आहे. लेख कोणत्याही क्रमाने वाचावेत, शक्य तर चित्रपट आधी पाहून.

शेवटचा लेख न झालेल्या चित्रपटावर आहे. वाल्डेमार हाफकिनने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षीच्या पुण्याच्या प्लेगवर '२२ जून १८९७' हा महत्त्वाचा मराठी चित्रपट झाला, पण तो चापेकर आणि रँडचा. लशीची गोष्ट त्याच्या कक्षेबाहेर होती. १९०२ साली पंजाबातल्या मुळकोवाल गावी एका बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले आणि दोष हाफकिनवर आला. बाटली गावातच उघडताना दूषित झाली होती, हे मान्य होऊन तो दोषमुक्त झाला तो १९०७ साली, रोनाल्ड रॉससारख्यांनी जाहीर बाजू घेतल्यावर. परळच्या संस्थेला त्याचे नाव मिळायला १९२५ उजाडले. यात एकटा नायक आहे, चौकशी आहे, अपमान आहे, उशिराचा न्याय आहे. चौकट आयती तयार आहे. ज्या कुणा मराठी दिग्दर्शकाला हे लिहावेसे वाटेल, त्याने पहिला अंक मुळकोवालमध्ये, त्या १९ घरांत लिहावा आणि मग मुंबईच्या प्रयोगशाळेकडे यावे, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी लागणारे संदर्भ या लेखात जमतील तेवढे दिले आहेत.